उरलेल्या गोळ्या

शहागंजातले आमचे डॉक्टर आईला तीसेक वर्षं बघत होते. महिन्यातून एकदा ती कन्नडहून एसटीनं यायची, त्यांच्या टेबलापाशी पदराची गाठ सोडायची आणि उरलेल्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या पुढं ठेवायची. "घ्या, ह्या उरल्या. दुसऱ्या कुनाला तरी कामी येतील." दिवसाला दोन सांगितल्या की ती एकच घेणार. औषध मिठासारखं, बेतानंच बरं, हे तिचं शास्त्र.

डॉक्टर तिच्यावर कधी चिडले नाहीत. "भाभी, कितने बचे?" हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. मग हसत हसत दंडाला पट्टा बांधायचे. माझं मात्र या लाडांनी डोकं फिरायचं.

वडील गेल्यावर मी आईला क्रांती चौकाजवळच्या माझ्या घरी आणलं. शहागंजात गाडी लावायला जागा नाही, अशी सबब सांगून जवळचाच एक तरुण डॉक्टर गाठला. त्यानं जुनी चिठ्ठी बघून तीच औषधं ठेवली आणि "नियमित द्या" म्हणाला. मला तेवढंच हवं होतं. सकाळ-संध्याकाळ मी आईच्या तळहातावर गोळी ठेवायचो आणि तिनं ती गिळेपर्यंत जागचा हलायचो नाही. ती कुरकुरायची, मी डोळे वटारायचो.

पंधरा दिवसांत आई ओट्यापाशी कोसळली. शुद्धीवर आली, पण उठून बसलं की डोळ्यांपुढं अंधारी. मी त्या तरुण डॉक्टरला फोन लावत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "मला माज्या डॉक्टरकडं ने. त्येन्ला म्हाईत हाय माजं."

शहागंजात दोघांनी धरून तिला खुर्चीत बसवलं. डॉक्टरांनी नेहमीचाच प्रश्न विचारला, "भाभी, कितने बचे?"

पदराला गाठ नव्हती. आईनं माझ्याकडं बोट केलं. "ह्यानं एकबी उरू दिली नाय."

डॉक्टरांचं हसू मावळलं. घाईनं पट्टा बांधला. प्रेशर पार खाली गेलं होतं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"गलती मेरी है. भाभींना रोज एकच गोळी लागते. दोन लिहिल्या की त्या एक घेतात, म्हणून मी दोन लिहीत आलो. हे माझ्या डोक्यात होतं, चिठ्ठीत नव्हतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला मी लाड समजत होतो, तोच तिचा इलाज होता. डॉक्टरांनी सलाईन लावलं, गोळी एकच केली, आणि आठवडाभरात आई भाकरी थापायला उभी राहिली. देवळातही न वाकणारा मी, त्या दिवशी त्यांच्या पाया पडलो.

दोनेक वर्षांनी वय झालं म्हणून त्यांनी दवाखाना बंद केला. पुढच्या डॉक्टरसाठी आईची माहिती इंग्रजीत लिहून दिली. रिक्षात मी ती तिला मराठीत वाचून दाखवली. सगळ्यात वर लिहिलं होतं: "या बाई सांगितल्याच्या अर्ध्याच गोळ्या घेतात. प्रेशर बघण्याआधी विचारा, किती उरल्या. मुलगा सोबत राहत असेल, तर त्यालाही विचारा."

आईचे डोळे भरले होते, माझेही. तिनं माझ्या हातातून चिठ्ठी घेतली, बारीक घडी केली आणि पदराच्या गाठीत बांधली.