हँडल आपोआप पडलं पाहिजे

गाडी दुरुस्त होईपर्यंत माणूस गॅरेजमध्ये करणार काय? बसतो आणि ऐकतो. असं बसून बसून माझ्याकडे बिबवेवाडीच्या भिकूमामांचे इतके किस्से साठलेत की गाडी विकली तरी ते संपायचे नाहीत.

मामा करायचे सगळंच, पण जीव कोनसेटवर. हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं तो कोनसेट. गाडी डबल स्टँडवर लावायची, पुढचं चाक उचलायचं आणि हँडलला एका बोटाचा धक्का द्यायचा. ते आपोआप बाजूला पडलं पाहिजे. अडकलं तर नट जास्त आवळलाय, खडखडलं तर सैल आहे.

त्या वर्षी मामांना घोर एकच होता, आयटीतल्या लेकीच्या लग्नाचा. लेकीचं नाव वर्षा; तिनं चार स्थळं नाकारली होती. त्यामुळे मामा प्रत्येक तरुण गिऱ्हाइकाकडे जावई म्हणूनच बघत.

*

एका इंजिनिअरनं विचारलं, "मामा, हा नट नक्की किती टाइट करता?"

"पुरेसा."

"पण पुरेसा म्हणजे किती?"

"लग्न झालंय?"

"नाही."

"मग नाही कळायचं."

*

कसब्यातल्या एका काकांनी सेफ्टी म्हणून घरीच हँडल आवळलं. दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन हजर. "उजवीकडे वळायचं होतं, वळेचना. सरळ गेलो तर सासुरवाडी आली."

"अहो, मग तक्रार कोणाची? तुमची की त्यांची?"

*

एक कॉलेजकुमार आला. "गाडी लेफ्टला ओढते, मामा." मामांनी चक्कर मारली, गाडी सरळ. मग त्याला चालवायला लावली. पठ्ठ्यानं फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबला आणि निघाला.

तो परत आल्यावर मामा म्हणाले, "गाडी घेऊन जा. मान ठेवून जा."

*

आणि मग पाचवं स्थळ आलं, लोणी काळभोरचं. मुलगाही आयटीतला. आईवडील रिक्षानं आले, तो मोटरसायकलवर. वडील म्हणाले, "पोरगं हिकडं पयल्यांदाच आलंय. रस्ता सुदीक ठावं न्हाई त्याला."

मामांनी मुलाला काहीच विचारलं नाही. त्याची गाडी स्टँडवर घेतली. आम्ही नेहमीची मंडळी पुढे सरकलो, कारण हँडल अडकलं असतं तर लग्नही अडकलं असतं. मामांनी बोट लावलं. हँडल अलगद बाजूला पडलं.

"कोणी केलंय हे काम?"

"गावाकडं... हाय एक मिस्त्री," मुलगा खाली बघत म्हणाला.

मामा वाकले. नट नंतर सरकला तर कळावं म्हणून त्यावर रंगाची रेघ ओढतात. कोणी ऑइलपेंट लावतं, कोणी मार्कर. इथं चकचकीत मरून नेलपॉलिश होतं. तेवढ्यात गॅरेजमागच्या घरातून वर्षा पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. मामांनी तिच्या नखांकडे पाहिलं, मग पुन्हा नटाकडे. वर्षानं मरून नखं ट्रेखाली दडवली.

मामांनी सावकाश हात पुसले.

"तुमच्या मिस्त्रीला सांगा, खालच्या नटालाही खूण करायची असते. किती वेळा सांगितलंय तिला."