स्पीकरच्या पोटातल्या अक्षता

स्पीकरचं खोकं आमच्या घरी आलं आणि तिसऱ्या दिवशी आमच्या ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. सांगलीच्या दवाखान्यातनं घरी आणलं तेव्हा खोकं पलंगाखाली तसंच होतं, वरची चिकटपट्टीही न काढलेलं.

हे फौजेत वायरलेसवर होते. पेन्शनीत आल्यावर गावातले निम्मे मिक्सर आणि मोटारींचे स्टार्टर ह्यांच्या हाताखालनं गेले. स्वतःच्या हातानं स्पीकरची जोडी बनवायची ही त्यांची लय जुनी हौस. आतले सुटे भाग मागवले होते, तेच ह्या खोक्यात; पेट्यांचं प्लाय इस्लामपूरच्या सुताराकडनं मापात कापून आणलं होतं. आणि आता उजवा हात उशीवर पडून राहायचा, कुणीतरी विसरून गेल्यासारखा. डॉक्टरांनी दिलेले व्यायाम करीनात. बोलता येत होतं, जरा जड, पण बोलेनात. भिंतीकडं तोंड करून पडायचे. एकदा केर काढताना मी ते खोकं पुढं ओढलं तर एवढंच म्हणाले, "परत धाडून दे."

खोकं परत गेलं की हा माणूस पुन्हा उठायचा नाही, असं माझ्या मनानं घेतलं. मी म्हणाले, "आवं, डोकं तुमचं हाय की जाग्यावर. हात माझं घ्या."

ते माझ्या हातांकडं बघत राहिले. का ते मला ठाऊक होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी हे सुट्टीवर येताना ट्रान्झिस्टर घेऊन आले होते. त्याचं बटण जरा घट्ट फिरायचं. तेव्हाची ती एकोणीस वर्षांची नवरी, लय शहाणी, तिनं शिवणयंत्रात सोडतात तसं बटणाच्या फटीतनं करडीचं तेल सोडलं. थोडं न्हाई, पळीभर. वर सासूबाईंना सांगितलं, आता बघा कसं लोण्यासारखं फिरतंय. फिरलं की. आवाज तेवढा गेला. ती पोरगी आज समोर आली तर तिच्या हातातली पळी काढून घेईन आणि पहिलं तिलाच कोपऱ्यात उभी करीन.

तर असल्या हातात वायरींना टाके घालायची तापलेली सोल्डरची कांडी आली. हे खुर्चीत, मी टेबलाशी. बोलायचा कंटाळा, म्हणून डाव्या हाताच्या बोटानं खुर्चीवर ठोकायचे. एकदा म्हणजे बरोबर, दोनदा म्हणजे चूक. पहिले चार दिवस नुसतं टक टक, टक टक. माझा जीव त्या टकटकीत अडकलेला. कर्ण्याचा, म्हणजे आवाज निघतो त्या गोल भोंग्याचा, कागद इतका नाजूक की नखानं फाटेल, आणि फाटला की संपलं. लाल वायर कुठं जोडायची, काळी कुठं, हे मी दिवसातनं दहादा विचारायची. एकदा कांडी बोटाला लागली तरी मी ओरडले नाही, हे घाबरून काम थांबवतील म्हणून.

पंधरवड्यात पहिली पेटी झाली. गोंद वाळला, कर्णा बसला, खाली हवेसाठी मनगटाएवढं गोल भोक. आमच्याकडं नवीन वस्तू पूजेशिवाय चालू करत नाहीत. पाणी लागू नये म्हणून नारळ मी पार अंगणात नेऊन फोडला. एवढी मी सावध. हळदीकुंकूही लाकडाला लावलं, कर्ण्याला नाही. मग सासूबाईंची शिकवण आठवली: नवी कणगी, नवा डबा, नवी ट्रंक, पोकळ काहीही असो, रिकाम्या पोटी ठेवायचं नाही, आत अक्षता टाकायच्या. ते भोक तर आ वासूनच होतं. हे डोळे मिटून बसले होते. मी टाकल्या.

चालू केलं. आधी भजन छान लागलं. पखवाज सुरू झाला आणि पेटी पत्र्यासारखी थरथर वाजायला लागली. ह्यांनी कान पुढं केला, ऐकलं, दोनदा ठोकलं. मी बंद केलं. त्यांनी उठवायला हात पुढं केला, माझ्या आधारानं पलंगावर गेले आणि भिंतीकडं वळले. पुन्हा तीच भिंत.

त्या दिवशी दुपारचं जेवले नाहीत. मी स्वयंपाकघरात बसून हातांना शिव्या देत होते. कागद फाटला असेल, टाका सुटला असेल, पन्नास वर्षं झाली तरी पळी काही हातातनं सुटली नाही. खोकं आता खरंच परत जाणार, आणि मागोमाग काय, ते मनातही आणवत नव्हतं. चहाच्या वेळेला पूजेच्या ताटातल्या उरलेल्या अक्षता डब्यात भरताना माझा हात थांबला.

जाऊन ह्यांच्या पाठीमागं उभी राहिले. म्हणाले, "आवं, त्या भोकात मी अक्षता टाकल्यात."

मग हे वळले. "किती?"

"मूठभर."

"अगं, स्पीकर हाय का तांदळाची कणगी? तुला सांगितलं कुणी? पन्नास वर्षं झाली, तुझं त्याल काय संपंना बघ." दवाखान्यातनं आल्यापासनं एवढं लांब बोलणं पहिलंच. आणि ते बोलता बोलता डाव्या हातावर जोर देऊन आपण होऊन उठून बसले. मी पेटी उलटी धरली, ते चापट्या मारत होते. लाल लाल दाणे चादरीवर टपटप पडत होते आणि मला शिव्या बसत होत्या. इतकं गोड मला आयुष्यात कुणी बोललं नसेल.

दुसरी पेटी होईपर्यंत त्यांनी माझ्यावर पहारा ठेवला. पूजा लांबूनच झाली. त्या पेटीच्या कडा घासताना काचकागद त्यांनी उजव्या हातात बांधून घेतला. घासलं कमी, दमले जास्त.

आता दोन्ही पेट्या फळीवर आहेत. पण मधेच एखादा दिवस असा येतो की हे सकाळपासनं गप्प बसतात आणि नजर भिंतीकडं जाते. तेव्हा माझं काळीज पुन्हा त्याच खोक्यापाशी जाऊन बसतं. मग मी काय करते, तर जाता जाता तांदळाच्या डब्यातला एक दाणा भोकात सोडते. भजनात थरथर सुरू झाली की हे ताठ होतात, कान लावतात, मला हाका मारतात, पेटी उलटी करायला लावतात. अर्धा दिवस बरा जातो.

परवा दाणा निघाला तो तळहातावर घेऊन बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "अक्षता कुंकवाच्या असत्यात. ह्यो पांढरा कसा?"

मी भात बघायला आत गेले. मागनं खुर्चीवर एकदाच ठोकल्याचा आवाज आला.