मुडबीच्या विहिरींचं पाणी

इंटरला असताना गुलबर्ग्याच्या उर्दू माध्यमाच्या कॉलेजात आमच्या विज्ञानाच्या सरांनी सुट्टीत प्रत्येकाला एकेका गोष्टीचा शोध घ्यायला सांगितला. मी मुडबीला मामाकडे जाणार होतो. तिथलं अर्धं शिवार तांबड्या मुरमाचं, अर्धं काळ्या मातीचं. उन्हाळ्यात कुठल्या विहिरीचं पाणी लवकर खाली जातं, ते मोजायचं ठरलं. सरांनी शेजारी बसवून आखणी करून घेतली: बारा विहिरी, सहा आठवडे, हात-हातभर अंतरावर गाठी मारलेला दोर.

जमेल तेव्हा जाऊन मी आकडे लिहीत होतो. चौथ्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी, मुरमातल्या एका विहिरीत चक्क दोन हात पाणी जास्त निघालं. दोर चुकला असणार, म्हणून मी आकडा खोडायला घेतला.

विहिरीची मालकीण तिथंच पाणी उपसायच्या मोटेला बैल जुंपत होती. नवऱ्यामागं एकटीनं शेती करणारी. गाव तिला अक्का म्हणायचं.

"कामून खोडायलास?"

उन्हाळ्यात पाणी वर कसं येईल, असं मी म्हणालो.

"काल सोमवार होता. सोमवारी आमी बैल जुंपत न्हाई. मोट थांबली की विहीर भरती. मोट चालू असताना मोजायलास, मग तू विहीर न्हाई, माझे बैल मोजायलास."

तीन आठवड्यांचे आकडे वाया गेले होते. अक्षर न शिकलेल्या या बाईनं, मला आणि सरांनाही न सुचलेलं, एका बोलण्यात दाखवून दिलं होतं.

आता पहाटे, मोट सुरू होण्याआधी मोजायचं, आणि संध्याकाळी मोट सुटल्यावर पुन्हा. पण पहाटे माझं मोजून होईपर्यंत मोट कोण थांबवून धरणार? अक्का दोन दिवस माझ्याबरोबर शेतोशेत फिरली. कुणाशी कन्नडात, कुणाशी मराठीत बोलली. तिला कुणी नाही म्हटलं नाही. उरलेल्या दिवसांत दिसलं ते असं: मुरमातल्या विहिरी दिवसा झरझर उतरतात आणि रात्रीत तितक्याच भरतात; काळ्या मातीतल्या उतरतातही सावकाश आणि भरतातही सावकाश.

सुट्टी संपल्यावर, वहीतली सुरुवातीची पानं फाडू का, असं मी सरांना विचारलं.

"फाडू नकोस," ते म्हणाले. "चूक कशी सापडली, ते आधी लिही."

हिवाळ्यात ते स्वतः मुडबीला आले. दुपारभर विहिरीच्या काठावर बसून अक्काला एकेक विचारत होते, आणि ती सांगेल ते उर्दूत उतरवून घेत होते.