तात्यांचा ड्रम

डांबराच्या कामावर निम्मा दिवस वाट बघण्यात जातो. डांबर वितळायची वाट, मालकाचा ट्रक खड्ड्यावरून हलायची वाट, खडी येण्याची वाट. उरलेला निम्मा दिवस वाकून जातो. वाकलेल्या माणसाला बोलता येत नाही, म्हणून जे काही बोलणं होई ते वाट बघताना. माझ्याजवळ किस्से साठले ते असे. माझी शाळा चौथीपर्यंतची आणि बोलणं मुळात कमी. पण ऐकत बसायला शाळा लागत नाही.

तो मोठ्या दुष्काळाचा काळ होता. शेतात काही उरलं नव्हतं. नगरच्या एका ठेकेदाराकडे आमची टोळी होती. सरकारी रस्ते आमच्याकडे नसत. पेट्रोल पंप, टॉकीज, तेलाची गिरणी, साखर कारखाना अशा जागांच्या आवारातलं उखडलेलं डांबर आम्ही दुरुस्त करायचो. खड्डा झाडायचा, कडा टिकावाने कापायच्या, खडी भरायची, वरून उकळतं डांबर झारीने ओतायचं, बारीक खडीची कच पसरायची आणि लोखंडी रोलर हाताने ओढायचा. रात्रीच्या भाकरीलाही डांबराचा वास येई.

विठोबाअण्णा मुकादम. सावळेरामतात्या ड्रमवर, म्हणजे डांबर वितळवायला. यमुनाआक्का खडीवर. मी झारीवर. बाकीची माणसं येत-जात राहायची. आम्ही चौघे मात्र टिकून होतो.

* * *

नगरच्या बाहेर एका पेट्रोल पंपाचं आवार खचलं होतं. तात्यांनी ड्रमखाली लाकडं रचली. काडी ओढणार, तोच मालक आतून ओरडत आला.

"अहो, पेट्रोल आहे इथं! जाळ लांब न्या!"

त्याचंही बरोबरच होतं. आम्ही भरलेला ड्रम आडवा करून लोळवत कुंपणापर्यंत नेला.

"अजून लांब!"

बाभळीपर्यंत नेला. ऊन असं, की ड्रमला हात लावला तरी चटका बसावा.

"अजून लांब!"

सडक ओलांडली. पुढे आणखी लोळवत राहिलो. आक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ह्याला इचारा, नगरला नेऊन पेटवू का?" शेवटी आमची पाठ कशाला तरी टेकली म्हणून वळून पाहिलं, तर समोरच्या दुसऱ्या मालकाच्या पंपाचं कुंपण!

आमच्या मालकाने लांबून हात हलवला.

"हां! तिथं पेटवा!"

* * *

एका तालुक्याच्या गावी टॉकीजचं आवार होतं. मॅनेजरने सांगितलं होतं की संध्याकाळपर्यंत कोणी येणार नाही. आम्ही दारासमोरचा मोठा पॅच घातला. कच टाकायची बाकी होती. तेवढ्यात दारं उघडली आणि मॅटिनीची गर्दी बाहेर पडली. तो खेळ आहे हे सांगायचंच मॅनेजर विसरला होता! माणसं पुढे गेली, चपला मागे राहिल्या.

दुसऱ्या दिवशी एक जण अनवाणी आला. त्याची नवी कोल्हापुरी अडकली होती. गेटवरचा माणूस म्हणाला, "तिकिटाशिवाय आत सोडायचं न्हाई. मालकाची ऑर्डर हाय." बिचाऱ्याने तिकीट काढलं. आत येऊन चप्पल ओढून पाहिली, ती हलेना. तिकीट तर काढलंच आहे म्हणून जाऊन पिच्चर बघितला. बाहेर येऊन पुन्हा ओढली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

जाताना आक्काला म्हणाला, "बाई, पिच्चर पाठ झाला. आता चप्पल तुमीच ठिवा."

* * *

श्रीरामपूरच्या एका तेलाच्या गिरणीत अण्णांनी डोक्याचा पटका सोडून एकावर एक ठेवलेल्या दोन रिकाम्या ड्रमांवर ठेवला आणि ते मालकाकडे आत गेले. थोड्या वेळाने पाहतो, तर तात्या त्या ड्रमांसमोर मान खाली घालून उभे.

"अण्णा, लाकडं वली हायेत. जरा येळ लागंल."

ड्रम गप्प.

"मी काय मुद्दाम न्हाई केलं, अण्णा."

ड्रम गप्पच. तात्या माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "आज लई रागावल्यात. बोलंनात!"

मी हसलो. आणि मग माझं हसू जागीच थांबलं. आक्काने माझ्याकडे पाहिलं, मी आक्काकडे. तात्यांना दिसत नव्हतं. म्हणजे थोडंफार दिसत असेल, पण माणूस आणि ड्रम ह्यांतला फरक कळण्याइतकं नाही. वर्षानुवर्षांचा धूर डोळ्यांत गेला होता.

अण्णांचा एक नियम फार कडक होता. डोळ्याने अधू माणूस ड्रमपाशी नको. त्यांच्या आधीच्या टोळीत एकाचे दोन्ही पाय उकळत्या डांबराने भाजले होते. त्या माणसाविषयी अण्णा कधी बोलत नसत. नियम मात्र रोज सांगत.

ड्रमवरून उतरलं की तात्यांना आमच्यात दुसरं काम नव्हतं. रोलर ओढायचं वय गेलेलं. मग राहिलं दुष्काळी कामावर उन्हात खडी फोडणं. दिसत नसताना हातोडा मारायचा म्हणजे बोटांवर पाणी सोडायचं. घरी तात्या, त्यांची बायको म्हणजे आमची काकू आणि उरलेला एक बैल. तिघांची पोटं त्या ड्रमवर.

तात्यांनी आमचं गप्प राहणं ओळखलं. म्हणाले, "अण्णाला सांगू नगा रं."

* * *

मग आक्काने तोड काढली. डांबर नीट तापलं की धूर पातळ आणि निळसर येतो. जास्त तापलं की पिवळा आणि दाट. तो धूर आक्का बघणार आणि खडी टाकता टाकता जात्यावरच्या ओव्या म्हणणार. आईची ओवी म्हटली की तात्यांनी लाकूड सारायचं, भावाची म्हटली की ओढायचं.

"असं का गं?" मी विचारलं.

"आई चुलीत लाकूड घालती अन् भाऊ सासरवरनं काढून नेतो. ध्येनात ऱ्हायला सोपं!"

काम छान चाललं. फक्त अण्णा एकदा वैतागून म्हणाले, "यमुने, तुजं गानं बंद कसं पडत न्हाई गं?"

"काय करू अण्णा, गळ्यालाच डांबर लागलंय. सुटंना!"

पुढे राहुरीकडच्या एका डेअरीच्या आवारात काम चाललं असताना आक्काचा धाकटा भाऊ अचानक आला. पाथर्डीकडून, बराचसा चालत. दोन वर्षांत भेट नव्हती. फडक्यात बांधून बहिणीसाठी बाजरी आणली होती. त्या साली कोणी कोणासाठी बाजरी आणणं म्हणजे काय, ते सांगून कळायचं नाही. आक्काने डोळे पुसले, पाटी उचलली आणि भावाच्या ओव्या सुरू केल्या. एक झाली, दुसरी झाली, ती थांबेचना.

तात्यांनी पहिल्या ओवीला एक लाकूड ओढलं. दुसरीला दुसरं. मी झारी घेऊन गेलो तेव्हा चुलीत एकही लाकूड नव्हतं आणि डांबर काकवीसारखं घट्ट झालेलं.

अण्णा आले. "हे काय झालं?"

"वारं लई सुटलंय अण्णा," तात्या म्हणाले.

झाडाचं पान हलत नव्हतं. अण्णांनी झाडाकडे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं आणि निघून गेले.

तात्या कपाळाचा घाम पुसून म्हणाले, "आक्का, भाऊ सोन्यासारखा हाय. पर त्याला म्हनावं, फुडच्या टायमाला जेवायच्या सुट्टीत ये!"

* * *

एकदा भंडारदऱ्याला एका खासगी लॉजचं काम निघालं. दुष्काळात आमच्या गावाकडे टँकरच्या मागे बायका पळत होत्या आणि इथे समोर धरणाचं पाणी. खूप खाली गेलेलं, तरी पाणीच. आम्ही ट्रकमधून उतरलो आणि हत्यारं हातात घेऊन नुसते बघत राहिलो. लॉजचा मालक म्हणाला, "अहो, रस्ता इकडं आहे!" कोणी वळलं नाही.

तात्यांनी माझा दंड धरला. "कसं हाय रं पानी?"

मला वर्णन करता येत नाही. मी म्हणालो, "निळं हाय तात्या. उन्हात हालतंय."

"मला चकाकी दिसती," ते म्हणाले. "तेवढी बास."

जेवायच्या सुट्टीत मी त्यांना हाताला धरून काठावर नेलं. त्यांनी ओंजळ ओंजळ पाणी घेऊन तोंड धुतलं, मान धुतली, कानामागे धुतलं. मग एकदम थांबले.

"घरी सांगू नगंस हां. काकू म्हनंल, एवढं पानी एका तोंडाला!"

* * *

घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराच्या दिवशीच तिथल्या एका धाब्याच्या आवाराचं काम निघालं. त्या वर्षी चारा नव्हता, म्हणून लोक मिळेल त्या भावाने जनावरं काढत होते. सडकेवर नुसती शिंगंच शिंगं. एका व्यापाऱ्याने ड्रमपाशी थांबून तात्यांना विचारलं, "बैल हाय का इकायला?"

"हाय एक," तात्या म्हणाले. "पर त्याला इचारावं लागंल."

आम्ही पॅच घालून रोलर फिरवला आणि पाणी प्यायला सावलीत बसलो. उठून पाहतो, तर दहा-बारा म्हशी आमच्या ताज्या डांबरावरून धाब्याच्या हौदाकडे चालल्या होत्या! खूर रुतत होते, निघत होते. हौद कोरडा होता, म्हणून त्या परत त्याच वाटेने आल्या.

धाबेवाला डोक्याला हात लावून ओरडला, "हे मिटवा! आत्ताच्या आत्ता मिटवा!"

आक्का बसल्या जागेवरून म्हणाली, "मालक, म्हशी पुन्ना उलट्या पावली चालवा. समदं मिटंल!"

आम्हाला हसायचीही ताकद नव्हती. ड्रम पुन्हा पेटवला.

* * *

नेवाशाच्या बाजूला एका साखर कारखान्याचं काम होतं. गाळप सुरू व्हायच्या आधी, उसाच्या गाड्या तोलायच्या काट्यासमोरचं सगळं आवार नीट करून द्यायचं होतं. काम मोठं आणि माणसं थकलेली. आक्काला ताप होता. आवाज बसला होता, तरी ती घोगऱ्या आवाजात ओव्या म्हणत होती.

दुपारी तात्या लाकूड घेऊन ड्रमकडे निघाले. आक्काला खोकल्याची उबळ आली. तात्या ते ऐकून तिच्याकडे वळले आणि चुलीच्या दगडाला ठेचकाळून गुडघ्यांवर पडले. हातातलं लाकूड जाळात गेलं. हात जाळाच्या अगदी कडेशी थांबला.

अण्णा तिथेच उभे होते.

त्यांनी तात्यांना बगलेत धरून उठवलं. धोतरावरची राख झटकली. मग तात्यांच्या समोर, अगदी जवळ उभे राहिले आणि बोलले नाहीत. तात्या पापण्या मिटत-उघडत त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

शेवटी अण्णांनी विचारलं, "कोन उभं हाय फुडं?"

"तुमी, अण्णा."

"आवाजावरनं सांगितलंस."

आक्का पुढे झाली. "अण्णा, माजं ऐका..."

"कामाला लागा," अण्णा म्हणाले. त्या दिवशी ड्रमवर ते स्वतः उभे राहिले. तात्या भिंतीच्या सावलीत बसून होते. संध्याकाळी हत्यारं गोळा करताना अण्णा एवढंच बोलले, "सकाळी लवकर या. समद्यांनी."

तात्यांनी लाकडं ओढायचा आकडा माझ्या हातात दिला. मूठ त्यांच्या हाताने झिजून गुळगुळीत झाली होती. "तू धर आता. वारं कुठनं येतंय त्याच्याकडं ध्यान ठिव." मी तो परत द्यायला गेलो तर त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. आक्काने भाकरी केली आणि कोणीच खाल्ली नाही.

सकाळी आम्ही आवारात गेलो. तात्या सगळ्यांच्या मागून येत होते, पोराला बळंच शाळेत न्यावं तसे.

अण्णा आमच्या आधी येऊन बसले होते. हात कोपरापर्यंत पांढरे. उसाचा रस स्वच्छ करायला कारखान्यात चुना लागतो, त्याची एक बादली त्यांच्याजवळ होती. ड्रमच्या काठावर चुन्याचा जाड पट्टा ओढला होता. चुलीचे दगड पांढरे. डांबर सोडायच्या तोटीभोवती पांढरं. लाकडांच्या ढिगापासून ड्रमपर्यंत दोन्ही बाजूंनी पांढरे धोंडे मांडून वाट केली होती. काळ्या आवारात तेवढंच उजळ दिसत होतं.

आम्ही हत्यारं खाली ठेवली.

आक्का तापाने बसलेल्या आवाजात म्हणाली, "अण्णा, ह्यो चुना दोन दिसांत काळा पडंल."

"कारखान्यात चुना लई हाय," अण्णा म्हणाले आणि हात धुवायला लागले.

तात्या त्या वाटेच्या तोंडाशी येऊन थांबले. मान जरा पुढे काढली.

"अण्णा, ड्रम आज पांढरा हाय का?"

"दिसतोय ना?" अण्णा मान वर न करता म्हणाले. "मंग पेटव."