मागच्या पाइपाची उंची

आमच्या पिकअपवर लाकडं वाहायला लोखंडी रॅक करून घ्यायचं ठरलं, तेव्हा त्याचं ड्रॉइंग मी काढलं. घरात दुसरं कोण काढणार? वडील सुतार, आई चौथीपर्यंत शिकलेली, आणि मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. शाळा मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी झाली, नोकरी चाकणच्या एका कंपनीत. तिथं मी क्वालिटीला आहे. दिवसभर सुट्या भागांची मापं तपासते आणि बसत नसेल तो भाग बाजूला काढते.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. मला नोकरी लागल्यावर ते आणि आई चिखलीला राहायला आले. दादांनी आराम करावा असं मला वाटत होतं. त्यांनी महिनाभरात काम शोधलं. कंपन्यांत परदेशातून मशिनं येतात ती पाइनच्या लाकडाच्या भल्यामोठ्या खोक्यांत. मशीन बाहेर निघालं की खोकं भंगारात जातं. दादा ते लाकूड उचलून आणायचे, एकेक खिळा उपटायचे, आणि फळ्या पॅलेट किंवा पलंग करणाऱ्यांना नेऊन द्यायचे. त्यासाठीच त्यांनी जुनी पिकअप घेतली होती. तिचा हौदा आठ फुटी आणि फळ्या बारा फुटी. मागं लाल फडकं बांधलं तरी चौकात पोलीस हटकायचे. फळ्या केबिनच्या वरून न्यायच्या तर रॅक हवा होता.

अडचण दादांच्या उजव्या खांद्याची होती. मागच्या वर्षी तो धरला. डॉक्टर म्हणाले, गोठलाय, व्यायाम करा, वेळ लागेल. काही महिने आई त्यांना शर्ट घालून द्यायची. मग एक दिवस ते आपला आपण शर्ट घालून बाहेर आले, आणि आम्ही धरून चाललो की खांदा बरा झाला. तरी रॅकचा विषय निघाला तेव्हा मी जेवताना स्पष्ट बोलले.

"दादा, हात डोक्याच्या वर जात असेल तरच रॅक करू. नसेल तर गाडी विकून टाकू. माझ्या पगारात तिघांचं भागतंय."

मी मायेनं बोलत होते. दादांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो तसाच हातात धरून बसले.

"जातोय की," ते म्हणाले.

रविवारी मी टेप घेऊन गाडीची मापं काढली. हौद्याची लांबी, रुंदी, केबिनची उंची, हौद्याचा मागचा फाळका किती वर येतो ते. शेवटी दादांना भिंतीशी उभं केलं. माल तेच चढवणार, तेव्हा त्यांचा हात कुठवर पोचतो हे कागदावर हवं होतं. त्यांच्या उजव्या हातात चहाचा ग्लास होता. त्यांनी डावा हात वर केला. मी पेन्सिलीनं खूण केली. सहा फूट नऊ इंच. मी ते माप लिहिलं, त्याच्या भोवती गोल केला, आणि मागचे-पुढचे दोन्ही आडवे पाइप केबिनच्या थोडे वर, एका पातळीत धरले.

रॅक करणारे वेल्डिंगवाले चिखलीतल्या जुन्या शेतकरी घरातले. शेताच्या उरलेल्या तुकड्यावर शेड टाकून वेल्डिंगचं काम करायचे. माझा कागद त्यांनी उलटासुलटा करून पाहिला.

"ताई, येवढी मापं तर आमच्या घराच्या नकाशाला न्हाईत. ह्यातली निम्मी पुसली तरी रॅक हुईल."

"पुसू नका शेठ," दादा घाईनं म्हणाले. "तिच्या कंपनीत एक सूत चुकलं तरी माल माघारी जातो."

"व्हय का? मग मिस्त्री, तुमी जपून ऱ्हावा. एखाद्या दिवशी तुमालाच माघारी धाडंल."

ते हसले, मीही हसले. दादा कागदाकडं बघत होते.

रॅक चार दिवसांत झाला. रंग वाळल्यावर दादा बारा फळ्या घेऊन शेडवर आले. मी सुट्टी काढली होती, आपलं ड्रॉइंग उभं राहिलेलं बघायचं होतं. काम एवढंच की फळीचं एक टोक मागच्या पाइपावर टेकवायचं आणि मागून उचलून पुढं ढकलायचं. दादांनी पहिली फळी उचलली. डावा हात वर गेला. उजवा हात छातीच्या जरा वर आला आणि तिथंच राहिला. फळी कलली. त्यांनी मान वाकडी करून ती डोक्यावर तोलली, मग खाली घेतली.

"रंग चिकटतोय अजून," ते म्हणाले.

रंग वाळून दोन दिवस झाले होते. त्यांनी पुन्हा उचलली. या वेळी फळी निसटली आणि त्यांच्या पायाशेजारी आपटली. मी धावले.

"लांब हो! माझं मी करतो."

माझ्यावर ते कधी ओरडले नव्हते. दहावीला मला गणितात मार्क कमी पडले तेव्हाही नाही.

वेल्डिंगवाल्यांनी ग्राइंडर बंद केला आणि जवळ आले.

"मिस्त्री, उजवा हात वर करा बरं."

"कशाला?"

"करा तर."

दादांनी हात वर केला नाही. "न्हाई गेला तर ही पोरगी गाडी विकणार हाय," ते म्हणाले. मी समोर उभी असून ते त्यांना सांगत होते.

तेव्हा मला त्या रविवारचा, उजव्या हातातला ग्लास आठवला. मी माप घेत होते आणि दादा परीक्षेला उभे होते. नापास झाले तर काय, हे मीच त्यांना आधी सांगून ठेवलं होतं. कंपनीतला भाग खोटं माप देत नाही, कारण बाजूला काढलं गेल्यावर आपलं काय होईल याची त्याला भीती नसते. याच खांद्यावर त्यांनी गावातल्या कितीतरी घरांच्या चौकटी वाहिल्या होत्या, आणि मी हॉस्टेलवर बसून शिकत होते. त्या खांद्याला मी एका वाक्यात घरी बसवायला निघाले होते.

"गाडी विकायची नाही, दादा," मी म्हणाले. "माझं माप चुकलं. परत घेऊ."

त्यांनी पडलेली फळी पायानं बाजूला सारली. मग त्यांनी उजवा हात उचलला. खांद्याच्या जरा खालपर्यंत तो आला. मी जमिनीपासून टेप लावला. आकडा दादांनीच मान वळवून वाचला.

"चार फूट चार. शेठ, ह्याच्या वर माझा हात जात न्हाई."

"मग मागचा पाइप तितंच आणू की," वेल्डिंगवाले म्हणाले. "फुडचा ऱ्हाऊ दे केबिनवर. फळी तिरकी चढंल."

"तिरकी फळी मागं घसरेल," मी म्हणाले. मी कागदाच्या पाठीवर नवीन रेघा मारल्या. मागचा पाइप फिरता करायचा, म्हणजे फळी नुसती ढकलली तरी पुढं जाईल. आणि माल भरून झाला की मागं लोखंडी पट्टी आडवी लावायची, म्हणजे फळी घसरणार नाही.

दुपारपर्यंत मागचे खांब कापून झाले. पाइप वेल्ड न करता खांबांना भोकं पाडून बोल्टनं बसवला, म्हणजे उंची थोडी वरखाली करता येईल. दादांनी छातीशी धरलेली फळी त्यावर टेकवली आणि ढकलली. पाइप फिरला, फळी केबिनवर जाऊन बसली. बाराच्या बारा त्यांनी एकट्यानं चढवल्या. मी लांब उभी राहिले.

वेल्डिंगवाले सामान आवरायला लागले, तेव्हा दादा खांबाजवळ वाकून बोल्टाखालची जागा बोटानं चाचपत होते.

"शेठ, ड्रिल ठेवू नका. दोन्ही खांबांना आणखी दोन-दोन भोकं पाडा."

"वर?"

"वर न्हाई लागायची. खाली. हात आणखी उतरला तर पुढं लागतील."

वेल्डिंगवाल्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी दादांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा शांत होता, खिळा कुठं मारायचा ते ठरवताना असतो तसा.

"किती अंतरावर?" मी विचारलं.

"तीन-तीन इंचांवर घे, माय," ते म्हणाले.

मी खांबावर टेप धरला आणि दोन खुणा केल्या.