तात्यांच्या खळ्यातला पातेरा

झाडू हातात घेऊन आम्ही तात्यांच्या खळ्यात उभे होतो आणि झाडायला काहीच नव्हतं.

खळं म्हणजे आमच्याकडचं घरापुढचं अंगण. तात्यांचं खळं शेणाने सारवून लख्ख केलेलं. कडेने खुर्च्या मांडलेल्या, त्यातल्या निम्म्या शेजारून मागून आणलेल्या. तात्या इस्त्रीचा शर्ट घालून पडवीत आमची वाट बघत होते.

मी मालवण तालुक्यातल्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवतो. सेवा पथकाचं काम माझ्याकडे आहे. त्या वर्षीची कल्पना सानिकाची, म्हणजे आमच्या विद्यार्थिनी प्रतिनिधीची. मसुऱ्याच्या अलीकडच्या एका वाडीत बरीच म्हातारी माणसं एकटी राहतात, मुलं मुंबईला. त्यांच्या घरी जाऊन पडेल ते काम करायचं. कल्पना चांगली होती. तिची माती मी केली.

अशा प्रोजेक्टच्या आधी प्री-कॅम्प व्हिजिट करायची असते. म्हणजे इन्चार्जने आधी एकट्याने जाऊन लोकांना विचारायचं, बाबांनो, तुम्हाला काय हवंय? मी ती व्हिजिट फोनवर उरकली. सरपंचांना सांगितलं, ‘‘मुलं येतील, अंगणं साफ करतील.’’ सरपंचांनी तात्यांना सांगितलं, ‘‘पाहुणे येणार आहेत.’’

‘‘पावणे येतले म्हणान कालच दोन बायलमाणसां लावन सगळा करून घेतलंय,’’ तात्या कौतुकाने सांगत होते. ‘‘तुमका काय पातेऱ्यात बसवू? बसा रे पोरांनो. आदी चाय घेवा.’’

पातेरा म्हणजे झाडांचा वाळका पाला. मी इथलाच आहे. आमच्या घरीही कोणी येणार म्हटलं की आई आदल्या दिवशी खळं सारवायला घ्यायची. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी मी झाडू विकत घेऊन गेलो होतो.

तात्या एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. बायको गेल्यापासून एकटे. मुलगा विरारला. ‘‘घर बंद करा आणि इकडे या,’’ असं तो दर फोनला म्हणतो, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच सांगितलं. ते रोज संध्याकाळी त्याला व्हिडिओ कॉल करून घर दाखवत. भांडी घासलेली, खळं झाडलेलं. ‘‘बघ म्हणतंय, तुझो बापूस अजून गाडी चालवता.’’

हे सगळं मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि तात्या चहा आणायला आत गेल्यावर मी मुलांना म्हणालो, ‘‘मागे पातेऱ्याचा ढीग आहे ना, त्यातला थोडा इथे आणून पसरा.’’

कारण सांगतो. रिपोर्टला बिफोर-आफ्टर फोटो लागतात. कामाआधीचा एक, नंतरचा एक, आणि दोन्हींवर जागा आणि वेळ आपोआप उमटलेली हवी. फोटो नसेल तर दिवस धरत नाहीत. दिवस धरला नाही तर मुलांचे सेवेचे तास भरत नाहीत. तेव्हा हे कारण मला पुरेसं वाटलं होतं.

सानिका म्हणाली, ‘‘सर, असं नको ना. आपण त्यांना दुसरं काही काम आहे का विचारूया.’’

‘‘दोन मिनिटांचं काम आहे. फोटो झाला की लगेच झाडून टाकू.’’

मुलांनी पाला आणला. खाली मान घालून पसरला. तेवढ्यात तात्या कपांचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि दारातच थांबले.

‘‘ह्यो पातेरो खंयसून इलो?’’

मी म्हणालो, ‘‘वाऱ्याने आला असेल.’’

वाऱ्याची झुळूकही नव्हती. तात्यांनी एकदा खळ्याच्या कडेच्या फणसाच्या झाडाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग ट्रे खाली ठेवला आणि पाहुण्यांसमोर खळं घाण दिसायला नको म्हणून वाकून हातांनी पाला गोळा करू लागले. फोटोचं काम ज्या मुलाकडे होतं त्याने नेमका तेव्हा फोटो काढला.

आमच्या प्रिन्सिपॉल मॅडमना तो फोटो फार आवडला. ‘‘याच्यात भावना आहे,’’ म्हणाल्या. कॉलेजच्या पेजवर तो लागला. वर मजकूर होता, ‘निराधार वृद्धाच्या अंगणी सेवेचे हात’. मजकूर त्यांचा. वाचून मी काही बोललो नाही, म्हणजे माझाही.

पुढच्या आठवड्यात तात्या कॉलेजात आले. तोच इस्त्रीचा शर्ट. मी ‘‘या तात्या, बसा,’’ म्हणालो. ते बसले नाहीत.

‘‘नमस्कार. आपल्याशी थोडं बोलायचं होतं,’’ ते म्हणाले.

शुद्ध मराठीत. साहेबाच्या केबिनमध्ये बोलतात तसं.

‘‘माझा मुलगा रविवारी येतोय. घराला कुलूप लावून मला घेऊन जाणार म्हणतो. फोटो त्याच्या सोसायटीतल्या लोकांनी बघितला. बापाला घाणीत ठेवलाय म्हणून त्याला बोलले. मी रोज त्याला खोटं दाखवतो असं त्याला वाटतं. मी निराधार आहे हे मला आपल्याकडूनच कळलं.’’

मला त्यांच्याकडे बघवेना. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, ‘‘पोस्ट डिलीट करा. विषय संपला.’’ तो संपणार नव्हता, कारण फोटो विरारला पोचलेला होता. मी तात्यांसमोर त्यांच्या मुलाला फोन लावला, स्पीकरवर, आणि सरळ सांगितलं. कचरा आम्ही टाकला. फोटोसाठी. तुमचे वडील तो उचलत होते.

तिकडून मुलगा म्हणाला, ‘‘सर, बाबांनी सांगितलं म्हणून तुम्ही त्यांना सांभाळून घेताय. कळतं मला.’’

‘वाऱ्याने आला’ ही माझी थाप खपेल असं मला वाटलं होतं. आता खरं बोलत होतो तर ते खपत नव्हतं. तात्या खिडकीबाहेर बघत होते. मी मुलांसमोर माझी चूक कबूल करायचं टाळत होतो, पण इलाज नव्हता. सानिकाला वर्गातून बोलावलं. तिने त्या दिवशी तात्यांकडे पोचल्या पोचल्या सगळ्यांचा सेल्फी काढला होता. मागे लख्ख खळं, मांडलेल्या खुर्च्या, पडवीत ताठ उभे तात्या. वर वेळ उमटलेली, आमच्या फोटोच्या आधीची. तिने तो तात्यांच्या मुलाला पाठवला.

फोटो बघून त्याने विचारलं, ‘‘सर, तुम्ही शिकवता काय?’’

‘‘ऑडिटिंग.’’

‘‘बरं,’’ म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी मी कॉलेजच्या पेजवर माझ्या नावाने खरं काय ते लिहिलं आणि सानिकाचा सेल्फी लावला. मॅडम माझ्याशी महिनाभर धड बोलल्या नाहीत. त्या दिवसाचे मुलांचे तास कापले गेले, ते आम्ही बसस्टँड धुऊन भरून काढले. रविवारी तात्यांचा मुलगा आला, चार दिवस राहिला आणि एकटाच परत गेला.

यंदाच्या प्लॅनिंगला मी आधी स्वतः गेलो. सानिकाला बरोबर घेतलं, मोबाईल स्कूटरच्या डिकीत ठेवला. या सगळ्यातून शिकलो ते इतकंच, की आधी विचारायचं आणि मग झाडू घ्यायचे. ते मला आधीपासून माहीत होतं, म्हणून जास्त लागतं.

तात्या खळ्यातच बसले होते. मी म्हणालो, ‘‘तात्या, मुलांसाठी काही काम असेल तर सांगा. तुम्ही म्हणाल तेच करतील.’’

तात्यांनी थोडा विचार केला.

‘‘धाडा पोरांका, कामा खूप आसत,’’ ते म्हणाले. मालवणीत बोलले, आणि माझा जीव जरा भांड्यात पडला. ‘‘पण सर, येताना कचरो तुमचो तुमी घेऊन येवा. माझ्याकडचो संपलो.’’

सानिका खो खो हसली. मी खाली बघत राहिलो. खळं स्वच्छ होतं.