थनापोनचे तीन वडील

थनापोन कोण आहे हे मला दोन वर्षांत तीनदा कळलं, आणि तिन्ही वेळा चुकीचं कळलं. चौथ्या वेळेबद्दल सांगते, पण तेही पूर्ण कळलंय असा माझा दावा नाही.

इथे अमेरिकेत, बॉथेलला, आमच्या घरापासून सात मिनिटांवर, तेरियाकीचं दुकान आणि ड्रायक्लीनर यांच्यामधल्या गाळ्यात तो थाई बॉक्सिंग शिकवतो. माझी मुलगी केया तिथे जाते. पोहण्यात तिला सर्दी व्हायची आणि व्हायोलिनमध्ये आम्हाला डोकेदुखी, म्हणून शेवटी लाथा. पहिल्या दिवशी आत गेले तर एक बुटका माणूस दोन स्वेटर चढवून, गुडघ्यांवर बसून मॅट पुसत होता. मी विचारलं, "कोच कुठे आहेत?" त्याने फडकं बाजूला ठेवलं, हात जोडून वाकला, "कोच कमिंग" म्हणाला आणि आत गेला. दोन मिनिटांनी स्वेटर काढून, टी-शर्ट घालून तोच बाहेर आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र केयाच्या हाताला पट्टी गुंडाळायलाही लागला होता.

वय त्रेचाळीस. डावी भुवई मधोमध चिरलेली. क्लास संपला की मुलांना संत्री सोलून द्यायचा, त्यांच्या शिरासुद्धा काढून. केयाच्या मैत्रिणी मला सुवर्णाकाकू म्हणतात, ते ऐकून तोही काकू म्हणायला लागला. आहे माझ्याच वयाचा, पण मी सोडून दिलं. कशालाही त्याचं उत्तर एकच, "ओके, ओके." फी उशिरा दिली तरी ओके, एखादा मुलगा नाक फोडून घेऊन रडला तरी ओके.

आणि भिंतीवर काही नाही. इथल्या प्रत्येक कराटे क्लासात बघा, शिक्षकाचे चषक आणि फोटो लावायला भिंत पुरत नाही. ह्याच्याकडे एक देवळाचं कॅलेंडर आणि बाथरूमचा बाण. मी मनाशी ठरवून टाकलं की माणूस चांगला आहे, पण खेळात काही केलेलं दिसत नाही.

"आई, ही वॉज अ चॅम्पियन. बँकॉकमध्ये," केया म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"एव्हरीबडी नोज."

मला माहीत नव्हतं, म्हणजे एव्हरीबडीत मी नव्हते.

मग एका शनिवारी तो स्वतःच कापडी पिशवी घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. त्याचा व्हिसा ऑगस्टमध्ये संपत होता. ग्रीन कार्डासाठी अर्ज करायचा, तर आपण आपल्या खेळात असामान्य आहोत हे कागदांनी सिद्ध करावं लागतं. वकीलबाईंनी त्याच्या सगळ्या लढतींचा नीट तक्ता मागितला होता. नाही जमलं तर गाळा बंद, आणि बायको आणि सातवीतल्या मुलीला घेऊन परत. केयाने त्याला सांगून ठेवलं होतं की माझ्या आईला फॉर्म भरायला आवडतं.

आवडत नाही. आमच्या स्वतःच्या ग्रीन कार्डाला अकरा वर्षं लागली, त्या रागातून मला ती विद्या आली. आता बॉथेलमधल्या निम्म्या मराठी मंडळींचे फॉर्म आमच्या डायनिंग टेबलवर तपासले जातात. चूक सापडली की मला जो आनंद होतो, तो चारचौघांत सांगण्यासारखा नाही.

पिशवीत वर्तमानपत्रांची कात्रणं होती आणि त्यांची इंग्रजी भाषांतरं. पहिल्याच कात्रणावर साल २५४५. मी चष्मा पुसला. पण ज्यांच्या आजोबांची पत्रिका शकात लिहिलेली असते त्यांना असल्या गोष्टी पटकन उमगतात. हे बौद्ध साल, म्हणून पाचशे त्रेचाळीस वजा केले, दोन हजार दोन आलं, आणि मी स्वतःवरच खूश झाले. तिथेच घोडं अडायला हवं होतं, ते अडलं नाही. जुन्या कात्रणांत नाव होतं सिंगदाम लूकप्राचान. विजेतेपदाच्या कात्रणात सिंगदाम सिटचारून. पासपोर्टवर थनापोन सैखाम.

"ह्यातला तू कुठला?"

"ऑल मी," तो म्हणाला.

मी समजुतीने मान हलवली, कारण मीही त्यातलीच. माहेरची मी नीलांबरी. लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने सुवर्णा लिहिलं, आणि त्या दिवसापासून प्रत्येक कचेरीत 'ही नीलांबरी कोण' ह्याचं उत्तर मी देत आले आहे. मग मला सगळं सोपंच वाटलं. माणसाच्या नावापुढे कोणाचं नाव लागतं? वडिलांचं.

"लूकप्राचानमधले हे प्राचान कोण?"

"प्राचान रेज मी. फ्रॉम एट इयर्स ओल्ड."

"म्हणजे वडील?"

तो थोडा थांबला. मग म्हणाला, "ओके, ओके."

"आणि चारून?"

"आफ्टर दॅट, ही टेक मी."

आईने दुसरं लग्न केलं असणार, हे मी मनात ताडलं आणि खोदून विचारलं नाही, केवढा तो माझा समंजसपणा! तक्त्यात लिहिलं: वडील प्राचान, सावत्र वडील चारून. सैखाम हे आडनाव. तक्ता इतका देखणा झाला होता की वकीलबाईंनी तो जसाच्या तसा पाठवून दिला.

मे महिन्यात सरकारी पत्र आलं. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव बूनमी सैखाम आहे. अर्जदाराने मात्र आणखी दोन वडील दाखवले आहेत. कात्रणांतला विजेता आणि अर्जदार एकच आहेत याचा पुरावा नाही. खुलासा करा.

माझ्या नवऱ्याने, रवींद्रने, ते मोठ्याने वाचलं. "यार सुवर्णा, तू त्याला तीन बाप दिलेस!"

तो हसत होता. एका माणसाचं घरदार माझ्या टापटिपीपायी उठणार होतं.

मी तशीच क्लासवर गेले. तो मॅटच पुसत होता. त्याने शांतपणे सांगितलं की त्याच्या देशात मुष्टियोद्ध्याच्या नावापुढे त्याच्या आखाड्याचं नाव लागतं. चाळीस पोरं, एकच आडनाव. लूकप्राचान म्हणजे प्राचानचं पोर, सिटचारून म्हणजे चारूनचा चेला. आखाडा बदलला की नाव बदलतं. आणि थनापोन? ते नंतरचं. पाय मोडला, तेव्हा एका भिक्षूने सांगितलं की जुनं नाव टाक, नशीब फिरेल.

मला राग आला, आणि तो कोणावर काढावा हे कळेना. "मग तेव्हाच का नाही बोललास?"

"यू व्हेरी शुअर, काकू," तो म्हणाला.

आता पुरावा हवा होता. त्याने फोनवर विजेतेपदाच्या लढतीची जुनी फिल्म लावली. दोन हडकुळी पोरं, एक लाल चड्डीतला, एक निळ्या. चित्र इतकं धूसर की चेहरे ओळखू येईनात. पाच फेऱ्या मी श्वास रोखून पाहिल्या आणि मारणारा कोण, खाणारा कोण, हेच मला समजलं नाही. शेवटी पंचाने निळ्याचा हात वर केला. त्याच्या कमरेला पट्टा बांधला. आणि तो पट्ट्यासकट तडक समोरच्या, म्हणजे लालच्या कोपऱ्यात गेला, तिथल्या बनियन घातलेल्या एका म्हाताऱ्याच्या पायांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागला. म्हाताऱ्याने त्याला उठवलं, स्वतःच्या हाताने बाटलीतून पाणी पाजलं.

"तू लाल ना?" मी विचारलं. कारण जिंकलेला माणूस असा कशाला रडेल?

"नो. ब्लू."

मी फिल्म थांबवली. चेहरा कॅमेऱ्याकडे वळला होता. डावी भुवई चिरलेली, रक्त वाहतंय.

"हरलेल्याच्या कोपऱ्यात जाऊन पाणी पितात आमच्याकडे," तो इंग्रजीत म्हणाला. "रिस्पेक्ट. पण तो म्हातारा प्राचान आहे."

मग तुटक तुटक सांगितलं. आठव्या वर्षी बापाने, बूनमीने, त्याला प्राचानच्या आखाड्यात सोडलं आणि वर्षातून एकदा यायचा. ताप आला की प्राचान उशाशी बसे, पायांना तेल चोळी. एकोणिसाव्या वर्षी प्राचानने त्याला बँकॉकच्या चारूनला विकलं. आखाडा चालवायला दुसरा उपाय नव्हता. वर्षभरात विजेतेपदाची लढत लागली, ती प्राचानच्याच नव्या पोराशी. त्या पोराच्या विजेतेपदाने आखाडा तरला असता. तो थनापोनने बुडवला. दोन वर्षांनी प्राचान गेला. भिंत रिकामी का, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी येऊन मी खुलासा लिहून काढला, अगदी चोख. 'प्राचान हे माझे वडील नाहीत. ते एका प्रशिक्षण केंद्राचे मालक होते. चूक अर्ज भरणाऱ्या व्यक्तीची आहे.' दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे ठेवला आणि पेन दिलं. तो शब्दांखाली बोट ठेवून वाचत गेला. मी 'ओके, ओके'ची वाट पाहत होते.

त्याने पेन खाली ठेवलं. "दिस वन, नॉट ओके."

"अरे, नाहीतर परत जावं लागेल! खोटं थोडंच आहे ते?"

"वन टाइम आय फाइट हिम," तो म्हणाला. "नॉट टू टाइम."

मला आठवलं ते भलतंच. नाव बदलल्याचं प्रतिज्ञापत्र करायला मी आणि बाबा पुण्यात नोटरीकडे गेलो होतो. 'नीलांबरी हे नाव मी यापुढे वापरणार नाही', मी झटकन सही केली. साक्षीदार बाबाच. परत येताना रिक्षात ते सवयीने "नीलू" म्हणाले आणि एकदम गप्प झाले. मी तेव्हा पेन खाली का ठेवलं नाही? मला कोणी विचारलंच नव्हतं, की मीच व्हेरी शुअर होते? अजून मला ठरवता येत नाही.

मी तो कागद फाडला आणि तिथेच मॅटवर बसून नवा लिहिला. 'बूनमी यांनी मला जन्म दिला. प्राचान यांनी वाढवलं आणि नाव दिलं. त्या नावाने मी लढलो. चारून यांच्या नावाने जिंकलो. तिघांचा मिळून एकच मुलगा आहे, तो मी.' सोबत भुवईचे दोन फोटो, तेव्हाचा आणि आजचा. वकीलबाई म्हणाल्या की असला खुलासा त्यांनी जन्मात पाठवलेला नाही. त्याने मात्र तीनदा वाचून सही केली.

जुलैच्या शेवटी मंजुरी आली. मी पेढे घेऊन क्लासवर गेले, तर भिंतीवर पहिल्यांदाच एक फोटो लागला होता, त्या फिल्ममधून काढलेला. म्हातारा पाणी पाजतोय, निळ्या चड्डीतला पोरगा रडतोय. म्हाताऱ्याच्या हाताआड पट्टा दिसत नव्हता.

केया फोटोसमोर हातांच्या पट्ट्या सोडत उभी होती. "कोच, इज धिस द वन यू लॉस्ट?"

मी तिची चूक सुधारायला तोंड उघडलं. थनापोनने माझ्याकडे पाहिलं, मग फोटोकडे.

"यस," तो म्हणाला.

मी तोंड मिटलं आणि पेढ्यांचा डबा उघडला.